उजेडासमोर धरून

एकतीस वर्षं मी नोटांमधल्या चुका शोधल्या
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, ट्यूबलाइटखाली:
सांडलेली शाई, सरकलेला आकडा,
कडेला केसाएवढी रेघ.
हातांखालून किती गेल्या मोजलं नाही,
खर्चायला त्यातली एकही नव्हती.

आता जेल रोडच्या या खोलीत
भाचीने लॅपटॉपवर एक आकाश उघडून दिलंय.
आत्या, तुझे डोळे वापर, म्हणाली हर्षाली.
डोळ्यांनी दिसणारं आकाश नाही हे.
नारायणगावाकडच्या तबकड्यांनी
रात्रभर कान लावून ऐकलेलं,
मग कुणीतरी त्या आवाजाला रंग भरलेला.

सरळ दीर्घिका मला आता ओळखू येतात.
मधे ठिपका, दोन्हीकडे झोत,
टोकांना फुगलेले ढग,
व्यायामशाळेतल्या डंबेलसारखे.
हिचं तसं नाही.
(नाव नाही हिला, आकडा आहे,
दोन दमांत वाचावा लागतो एवढा लांब.)
एक झोत अर्ध्यावर मोडून वर गेलेला,
दुसरा कुठाय तेच कळेना,
आणि ठिपक्याला चिकटून एक कडं,
लाटताना एका बाजूला पातळ झालेल्या पापडाचं.

हर्षालीचे सर म्हणतात, नोंदीतला दोष असेल,
सोडून द्या.
दोष कसा असतो ते मला विचारा.
दोष पुढच्या कागदावरही उमटतो,
त्याच जागी, तेवढाच.
मी शेजारचे सात ठिपके तपासले.
कडं फक्त इथेच आहे.

सातपूरला तुषारच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून
हातभर तांब्याची तार आणली.
काय बांधायचंय मावशी? त्याने विचारलं.
दीर्घिका, म्हटलं.
तो हसला, पैसे घेतले नाहीत.

तार वाकवली, दिव्यासमोर धरली,
भिंतीवर सावली पडली: हेअरपिन.
थोडी फिरवली: विळा.
अजून थोडी: काहीच नाही, नुसती एक काडी.
एवढ्याशा तारेत इतके आकार
आणि आपल्याला मिळालेली सावली एकच.

गंगा रामकुंडाशी दक्षिणेला वळते म्हणतात.
लहानपणापासून पायऱ्यांवर बसलेय मी,
पाणी समोर येतं नि जातं,
वळण कधी दिसलं नाही.
ते पुलावर गेल्यावर दिसलं.
या दीर्घिकेला पूल नाही.
आपण एकाच पायरीवर बसलेले,
सगळे, कायमचे.

साडेअकराला पाकिटातली शंभराची नोट काढली,
जुनी सवय.
उजेडासमोर धरली.
अर्धा आकडा पुढून छापलेला, अर्धा मागून,
मधे कागद,
आणि उजेडात दोन्ही अर्धे एकमेकांत बसलेले.

तेव्हा हललं काहीतरी.
दुसरा झोत हरवलेला नाही,
तो आपल्याच दिशेने येतोय.
दोघेही मागे वळलेत, एकाच बाजूला,
स्कूटरवर गंगापूर धरणाकडे जाताना
ओढणीची दोन्ही टोकं उडावीत तसे,
कारण ती दीर्घिका धावतेय,
तिथल्या विरळ, तापलेल्या वायूतून.
आणि कडं म्हणजे
जवळच्या टोकाला पडलेला पीळ,
आपण त्याच्या तोंडातून आत बघतोय.

तारेचं एक टोक गुंडाळलं, नालासारखी वाकवली,
हात दुखेपर्यंत फिरवत राहिले.
बाराच्या पुढे कधीतरी
भिंतीवर ती उभी राहिली.
तीच.

खालच्या डाव्या कोपऱ्यातला एक फिकट डाग सोडून.
तो कुठल्याच कोनात बसत नाही.

सकाळी फोनवर हर्षालीने विचारलं, नक्की?
प्रेसमध्ये आमचा तिसरा गठ्ठाही असायचा,
पास नाही, जाळायचाही नाही.
त्यातला कागद वरचे साहेब पुन्हा बघत,
कधी महिन्याने, कधी विसरून जात.
मी नोंदीत लिहिलं:
आकार नालासारखा, जवळचं टोक आपल्याकडे.
डागाचं कळलेलं नाही.

तार कपाटावर ठेवलीय, त्याच कोनात.
केर काढायला येणाऱ्या कुसुमला सांगितलंय,
ती सरळ करू नकोस.
तिने एकदा वर पाहिलं,
मग खाली वाकून झाडत राहिली.